सुधाकराची नोकरी

'एकच प्याला'तल्या सुधाकराचं नाव निघालं की आपल्याला दोन पेले आठवतात. तळीरामानं हातात दिलेला पहिला आणि सगळं संपल्यावर विष कालवून घेतलेला शेवटचा. पण या दोन पेल्यांच्या मध्ये एक काळ असा येतो की सुधाकर पीत नाही. बायकोचे, सिंधूचे हाल डोळ्यांनी पाहून तो खरोखर पेटून उठतो, दारू सोडायची शपथ घेतो आणि नोकरी मागायला बाहेर पडतो. एकेकाळी ज्यांच्या बरोबरीनं बसला-उठला त्या प्रतिष्ठितांच्या दारी तो जातो. तिथे त्याची अवहेलना होते आणि तो पेल्याकडे परततो.

शोकांतिकेतल्या नायकाचा उद्धार होऊ शकतो का, या प्रश्नाचं गडकऱ्यांपुरतं उत्तर या येरझारेत आहे. शेवटच्या प्रवेशाकडे मी नंतर वळेन.

*

नोंदीसाठी. राम गणेश गडकरी, जन्म 26 मे 1885, मृत्यू 23 जानेवारी 1919, सावनेर. वय अवघं तेहेतीस, आजार क्षयाचा. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीनं त्याच वर्षी फेब्रुवारीत बडोद्याला केला. म्हणजे महिनाही उलटला नव्हता. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा, पदं वि. सी. गुर्जरांची. भरजरी शालूंसाठी ख्याती असलेले बालगंधर्व यात ठिगळांच्या लुगड्यात उभे राहिले आणि प्रेक्षकांनी ते लुगडंही डोक्यावर घेतलं. नाटक लिहिणाऱ्याला यातलं काहीच पाहायला मिळालं नाही.

*

सुधाकराचा दोष कोणता? शाळेत आम्हाला सांगितलं गेलं: दारू. मला ते पटत नाही. दारू हा दोषाचा परिणाम आहे. सुधाकर बुद्धिमान आहे, कर्तबगार वकील आहे आणि विलक्षण मानी आहे. भर कोर्टात त्याला अपमान सोसवत नाही, तो मुन्सफाला उलट बोलून बसतो आणि त्याची सनद काही काळापुरती जाते. त्या अपमानाची आग विझवायला पहिला पेला येतो.

आता त्याच्या नोकरीच्या शोधाकडे पाहा. तिथेही अपमानच आहे. पहिल्या पेल्याआधी अपमान आणि दारू सोडल्यानंतरच्या पेल्याआधीही अपमान. गडकऱ्यांनी ही रचना किती विचारपूर्वक केली आहे! नाटक शब्दांनी दुथडी भरून वाहत असल्यामुळे तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. सुधाकर दारू सोडू शकतो, मान सोडू शकत नाही. उद्धाराची किंमत म्हणून त्याच्याकडे नेमकी तीच गोष्ट मागितली जाते जी त्याच्यापाशी द्यायला नाही.

एका अपमानानं एवढा माणूस लगेच बाटलीकडे कसा वळेल, असा आक्षेप या नाटकावर नेहमी घेतला जातो. ज्यांनी मानी माणूस जवळून पाहिला आहे ते असा आक्षेप घेणार नाहीत.

*

या नाटकात चुकलेले पुरुष तीन आहेत, हे विसरलं जातं.

भगीरथ दारुडा आहे. प्रेमभंगातून प्यायला लागलेला, आर्य मदिरा मंडळाच्या बैठकीतला. सुधाकराचा मित्र रामलाल त्याला तिथून बाहेर काढतो आणि देशसेवेच्या कामाला जुंपतो. भगीरथ सुटतो. पुढे सुधाकराची बालविधवा बहीण शरद हिच्याशी त्याचं जुळतं.

रामलाल स्वतः चुकतो. शरद त्याच्या आश्रयाला आहे, त्यानं तिला मुलीसारखं सांभाळायचं, आणि त्याचंच मन तिच्याकडे ओढ घेतं. तो ते ओळखतो, शरमतो, मागे फिरतो.

म्हणजे एकाच नाटकात, एकाच समाजात, दोघे वाचतात आणि एक बुडतो. भगीरथाला कुणीतरी काम दिलं. रामलालला स्वतःकडे पाहायला वेळ मिळाला. सुधाकराला कामही मिळालं नाही आणि वेळही नाही. नशेतून बाहेर आल्यावर रिकामा उरलेला दिवस कशानं भरायचा, या प्रश्नावर गडकऱ्यांनी 1917 च्या सुमारास बोट ठेवलं होतं. भगीरथाचं उपकथानक सैल आहे, भाषणबाज आहे, हे खरंच. पण ते कापून टाकलं तर सुधाकराचं बुडणं हा एकट्याच्या नशिबाचा भाग वाटू लागतो. भगीरथ शेजारी उभा असला की तसं म्हणता येत नाही.

*

पुण्यात आमच्या वारजे माळवाडीत सकाळी मजूर अड्ड्यावर माणसं उभी असतात. बिगारी, गवंडी, रंगारी, डबा पिशवीत घेऊन आलेल्या बाया. टेम्पो थांबतो, मुकादम खाली उतरतो आणि दोन मिनिटांत माणसं निवडतो. त्यातल्या एकाला एकदा मुकादमानं जवळ बोलावलं, वास घेतल्यासारखं केलं आणि काही न बोलता पुढच्याला घेतलं. तो माणूस त्या दिवशी प्यायलेला नव्हता, असं शेजारचे सांगत होते. आदल्या महिन्यात मात्र रोज प्यायचा.

तो माणूस उन्हं वर येईपर्यंत तिथेच उभा होता. मला तेव्हापासून सुधाकराचा नोकरीचा शोध पुस्तकातला वाटत नाही.

मुकादमाला दोष देणंही सोपं नाही. परांचीवरून पाय घसरला, परांची कोसळली तर जबाबदार तोच. सुधाकराला हाकलणाऱ्या सभ्य गृहस्थांवर मात्र असली कुठलीच जोखीम नव्हती.

*

ग्रीकांकडे एक दार उघडलेलं आहे.

सोफोक्लीसचा ईडिपस. नकळत बापाला मारलेला, आईशी लग्न केलेला, स्वतःचे डोळे फोडून घेतलेला. पहिलं नाटक तिथे संपतं आणि जगभर तेवढंच ठाऊक असतं. पण सोफोक्लीसनं अगदी म्हातारपणी, नव्वदीच्या घरात, त्याच माणसावर आणखी एक नाटक लिहिलं: 'ईडिपस कोलोनसला'. मुलीचा हात धरून आंधळा भटक्या अथेन्सबाहेरच्या कोलोनस गावाशी येतो. तिथले म्हातारे आधी त्याला अभय देतात आणि नाव कळल्याबरोबर निघून जा म्हणतात. मग राजा थीसियस येतो. तो चौकशी करत बसत नाही. मीही परदेशात परका म्हणून वाढलो आहे, एवढ्या आठवणीवर तो ईडिपसला आश्रय देतो. ज्याला गावाबाहेर घालवलं त्या माणसाची समाधी पुढे त्या भूमीचं रक्षण करणारी ठरते.

हे नाटकही लेखकाच्या पश्चात रंगमंचावर आलं. इसवी सनापूर्वी 401 मध्ये सोफोक्लीसच्या नातवानं ते उभं केलं. कोलोनस हे सोफोक्लीसचं जन्मगाव. आपल्या गावाला त्यानं सगळ्यात मोठा मान हा दिला की पतिताला इथे जागा मिळाली.

सुधाकराच्या वाट्याला कोलोनसचे म्हातारे आले. थीसियस आला नाही. रामलाल येतो खरा, पण तो मित्र आहे आणि मित्राची मदत मानी माणसाला भिकेसारखी वाटते. उपकार न करता काम देणारा कुणी परका हवा होता.

*

आमच्या वाचनगटात सिंधूवरून वाद झाला. गट लहान, बहुतेक बायकाच. सुधाकराच्या काठीनं तान्हं मूल मेल्यावर फौजदार येतो, तेव्हा मरणाच्या दारातली सिंधू नवऱ्याला वाचवायला खोटं सांगते: तो निर्दोष आहे, झालं ते माझ्या हातून अपघातानं झालं. बालगंधर्वांच्या काळात या प्रवेशाला थिएटर हुंदके द्यायचं.

गटातल्या एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "पोर गेलं ते कुणाचं? त्याच्या बाजूनं कोण बोललं?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

मावशींचा प्रश्न मी आजवर वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा नेमका आहे. सुधाकराच्या काठीनं मेलेल्या तान्ह्या मुलाचा हिशेब नाटकात लागतच नाही. सिंधूची क्षमा ही तिची मोठी कृती आहे, हे मला मान्य. पण ती क्षमा सुधाकराचा उद्धार ठरवायची असेल तर त्याचं मोल एका बाईनं आणि एका बाळानं जिवानिशी भरलं, हेही त्याच दमात सांगायला हवं. गडकऱ्यांना हे अगदीच कळत नव्हतं असं नाही. तळीरामाची बायको गीता त्यांनीच लिहिली आहे. ती नवऱ्याचं ऐकून घेत नाही, तोंडावर सुनावते. सिंधूच्या शेजारी गीता उभी करणाऱ्या नाटककाराला फक्त पतिव्रतेचा पुजारी म्हणणं अन्यायाचं होईल. तरी रडू त्यांनी सिंधूसाठीच राखून ठेवलं.

*

शेवटचा पेला हे प्रायश्चित्त नव्हे. मला हे ठामपणे लिहायचं आहे, कारण नाटक बघून निघालेल्या माणसांच्या तोंडून "शेवटी सुटला बिचारा" हे मी अनेकदा ऐकलं आहे. विष पिऊन सुधाकर शिक्षेतून सुटतो, सिंधूच्या खोट्यामागे लपण्याच्या लाजेतून सुटतो, पण ज्यांचं वाटोळं केलं त्यांच्याकडे वळून तो काहीच करत नाही. उरलेल्या शरदसाठी नाही, कुणासाठीच नाही. तिथेही त्याचा मानच जिंकतो.

*

उलट उदाहरण आपल्याच घरात आहे. भासाचं 'ऊरुभंग'. 1909 च्या सुमारास टी. गणपतिशास्त्रींना त्रावणकोरात ताडपत्रांवर भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटकं सापडली, त्यातलं हे एक. संस्कृत नाटकानं रंगमंचावर मरण दाखवायचं नाही हा दंडक मोडून इथे दुर्योधन प्रेक्षकांसमोर मरतो.

भीमानं नियम मोडून मांड्या फोडल्या आहेत. बलराम संतापलाय, त्याला दुर्योधनच शांत करतो. आईबाप येतात, राण्या येतात. लहानगा दुर्जय नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला धावतो आणि बापाला त्याला अडवावं लागतं. याच मांडीवर थाप मारून त्यानं भर सभेत द्रौपदीचा अपमान केला होता. आता त्या मांडीवर स्वतःचं मूलही बसू शकत नाही. आणि मग तो मुलाला सांगतो: पांडवांची सेवा कर, कुंतीचं ऐक, द्रौपदीला आईचा मान दे.

मला यात उद्धार दिसतो. दुर्योधन स्वतःबद्दल रडत नाही, ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे तोंड वळवतो. अश्वत्थामा सूडाची भाषा करतो तेव्हा त्यालाही तो आवरू पाहतो. महाभारतातला खलनायक तासाभराच्या एका अंकात नायक होतो. भासानं त्याची पापं लपवली नाहीत, तीच त्याच्या तोंडी आणली.

*

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात सुरू झाली. सुरू करणारे दोघे, एक शेअर बाजारातला, दुसरा शल्यविशारद. दोघेही सुधाकरासारखे शिकलेले, नावाजलेले, घसरलेले. त्यांची पहिली पायरी अशी: दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं. मानी माणसाला याहून अवघड काय असेल? सुधाकराला निम्मं कळलेलं होतं. दारुड्याच्या अवस्था तो रामलालला ज्या बारकाईनं समजावतो तितक्या बारकाईनं त्या काळी एखाद्या डॉक्टरनंही क्वचितच सांगितल्या असत्या. उरलेलं निम्मं असं की हे त्याच अवस्थेतून गेलेल्या दुसऱ्या माणसाशी बोलायचं असतं. ती सोय 1919 साली पुण्यात नव्हती, बडोद्यात नव्हती, कुठेच नव्हती.

पुण्यात ती आली 29 ऑगस्ट 1986 ला. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पुढाकार घेतला, एक लाख रुपये दिले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी तिथल्याच आवारात 'मुक्तांगण' उभं केलं. तिथे व्यसनाला आजार समजतात, पापाची भाषा बोलत नाहीत. व्यसनी माणसाच्या बायकोसाठी वेगळा गट चालतो, त्याचं नाव 'सहचरी'. सिंधूला बसायला जागा मिळाली ती अशी, सत्तरएक वर्षांनी.

पु. लं.नी गडकऱ्यांची भाषा आयुष्यभर डोक्यात वागवली. त्यांचा पैसा इथे लागला, हे मला फार योग्य वाटतं.

*

एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली. वारज्यातून मुंबई–बंगळूर महामार्ग जातो, त्यामुळे इथे तेव्हा त्याची चर्चा फार झाली. काही महिन्यांत शहरी हद्दींसाठी नियम सैल झाला. अंतर मोजून तळीरामाला लांब ठेवता येतं असं मला वाटत नाही. तो बाटली घेऊन येतच नाही. तो दुखावलेल्या माणसाच्या शेजारी येऊन बसतो, तेव्हा दुसरं कुणी बसलेलं नसतं म्हणून.

*

गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं. त्यातले संभाजी महाराज मोहात गुंतलेले, कर्तव्य विसरलेले आणि शेवटी पश्चात्तापानं उजळून निघालेले. नाटककाराला पतनातून उठणारा नायक हवा होता. पण त्यानं ज्या पायावर ते पतन रचलं तो पायाच कच्चा होता. मल्हार रामराव चिटणीसांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, महाराजांनीच देहदंड दिलेला. 1960 साली वा. सी. बेंद्र्यांनी अस्सल कागदपत्रांवरून चरित्र लिहिलं, पुढे कमल गोखल्यांनी अभ्यास केला, आणि नऊ वर्षं चहूबाजूंनी लढणारा राजा दिसू लागला. वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 'इथे ओशाळला मृत्यू' लिहिली तोवर काळ बदलत होता. दोन्हींत संभाजी काशीनाथ घाणेकर.

इथे उद्धार नायकाचा झाला नाही, त्याच्यावरचा आळ धुतला गेला. ते काम इतिहासकारांचं होतं आणि त्यांनी ते केलं. कल्पनेतल्या सुधाकराला दोष लावायचा अधिकार नाटककाराला पुरेपूर आहे. होऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत पुरावा आधी, शोकांतिका नंतर.

जानेवारी 2017 मध्ये संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा याच नाटकावरच्या रागातून उखडून मुठेत टाकला गेला. मुठा आमच्या वारज्याच्या कडेनं वाहत मग तिकडे जाते. राग मी समजू शकतो. पण शंभर वर्षांपूर्वी, उपलब्ध होतं तेवढ्यावर लिहिणाऱ्या, तेहेतिसाव्या वर्षी गेलेल्या लेखकाला चुकीची दुरुस्ती करायची संधी मृत्यूनंच दिली नव्हती. नाटकाला उत्तर बेंद्र्यांच्या पुस्तकानं आधीच दिलेलं होतं, तेही पुतळा पडायच्या सत्तावन्न वर्षं अगोदर.

*

चुकलेला आणखी एक नायक म्हणजे 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर. 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी पहिल्यांदा उभे केले. त्यांना प्रेक्षक लगेच क्षमा करतो, सुधाकराला करत नाही. अप्पांचा दोष त्यांच्याच अंगावर उलटतो, म्हणून असावं. शिवाय अप्पा म्हातारे आहेत. तरुण चुकलेल्या माणसाशी आपण जास्त कठोर वागतो, वास्तविक सुधारायला वेळ त्याच्याकडेच असतो.

*

वारज्याहून कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह कर्वेनगरमार्गे जवळच. संगीत नाटकाला आजही तिथे आणि बालगंधर्वला माणसं येतात, तरुणही येतात, हे पाहून बरं वाटतं. रात्रभर चालणारं पाच अंकी नाटक आताच्या वेळेत बसवायचं तर कात्री लागणारच. पदं ठेवतात, तळीरामाच्या कोट्या ठेवतात, वैद्य-डॉक्टरांचा धुमाकूळ ठेवतात, सिंधूचं मरण तर ठेवतातच.

'एकच प्याला' करायला घेणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकाला माझी विनंती आहे. हवं तर मदिरा मंडळ निम्मं करा, कोट्या गाळा, एखादं पद कमी करा. दारू सोडलेला सुधाकर नोकरी मागायला जातो आणि हात हलवत परत येतो, तेवढा भाग मात्र कापू नका.